डाव्या हातावरची पाटी

३ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा चुकलं! भिंतीपाशी टेप लावला तेव्हा सत्तावीस इंच तीन सूत. करवतीपर्यंत चालत गेले आणि डोक्यात उरले पंचवीस. चांगल्या प्लायचा अख्खा तुकडा वाया.

लिहून का ठेवत नाही, असं सगळेच विचारतात. अहो, पण कशावर? चिठ्ठी पंख्यानं उडते. फळीच्या तुकड्यावर लिहावं तर नेमका तोच तुकडा मी कापून टाकते. तळहातावर लिहिलेलं घामानं जातं. मोबाइलला भुशानं माखलेलं बोट ओळखू येत नाही. आणि पेन्सिल! अर्धी सकाळ शोधली, सापडली माझ्याच कानावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हे होते तेव्हा लिहायची गरजच नव्हती. हे मापायचे आणि तिकडून ओरडून आकडा सांगायचे. मी करवतीपाशी तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचे. मग हे "हां!" म्हणायचे, आणि मगच मी कापायचे. लग्न झाल्यापासून असंच. एकटीनं मापायचं नि एकटीनंच कापायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही.

६ फेब्रुवारी

दीर आले होते. मी दाताच्या डॉक्टरणीच्या दवाखान्याचं कपाटांचं काम घेतलं, ते त्यांना पचलेलं नाही. "वहिनी, बाईमाणसानं एकटीनं करवत चालवायची म्हणजे... एखादं बोट गेलं तर? दुकान भाड्यानं देऊ. आईला घेऊन आमच्याकडे या." दिरांना स्वतःला खिळा सरळ मारता येत नाही. उंटावरचे शहाणे!

पण मनात भीती आहेच. हे काम बिघडलं तर त्यांच्यापुढे बोलायला मला तोंड उरणार नाही.

सासूबाई वरून ओरडल्या, "करू दे रे तिला!" गुडघ्यांमुळे त्या खाली उतरत नाहीत. पण वरची जमीन फळ्यांची, खालचा शब्दन् शब्द त्यांना ऐकू जातो. दीर चहा न घेताच गेले. बरं झालं, दूध कमीच होतं.

९ फेब्रुवारी

लिहू की नको? लिहिते. इथं कोण वाचणार आहे.

मापलं, करवतीपाशी आले आणि आकडा गेला. तशीच उभी राहिले. रागानं डोळ्यांत पाणी आलं. आणि मागून ह्यांचा आवाज — "एकतीस, पाच सूऽऽत!"

तसाच. शेवट ओढलेला.

मी सवयीनं परत म्हटलं, "एकतीस, पाच सूत." तिकडून "हां!"

वळून बघितलं. कुणी नव्हतं. कसं असणार? उन्हाळ्यात ताप आला नि दोन दिवसांत गेले, मी स्वतः पाणी पाजलं शेवटचं. परत जाऊन टेप लावला.

एकतीस, पाच सूत.

१० फेब्रुवारी

आजही. प्रत्येक वेळी बरोबर.

१४ फेब्रुवारी

काम झपाट्यानं होतंय. आकडा लक्षात ठेवायचं मी सोडूनच दिलंय. करवतीपाशी उभी राहते नि वाट बघते. आज म्हटलं, "पुन्हा सांगा, मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं." तर खेकसून सांगितलं. मरूनही चिडतात!

हसले. खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. आणि मग एकदम घाबरले. एकटी बाई रिकाम्या दुकानात हसतेय, बोलतेय, चालू करवतीपुढे. माझं डोकं फिरलंय का? दिरांना कळलं तर आयतंच कोलीत मिळेल हातात — वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही, घाला कुलूप!

कुणाला सांगायचं नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही. पोटचा मुलगा गेलाय त्यांचा. त्यांना काय सांगू, तुमचा लेक मला मापं सांगतो?

१५ फेब्रुवारी

सासूबाई आज पुन्हा वाढ म्हणून मागून घेऊन जेवल्या. चेहऱ्यावर तजेला आहे हल्ली. चला, घरात एक तरी माणूस ठीक आहे.

१७ फेब्रुवारी

हे थांबवायला हवं. उद्या आवाजानं चुकीचं सांगितलं तर? किंवा सांगितलंच नाही तर? आयुष्यभर अशी वाट बघत उभी राहणार का मी?

आडात असेल तरच पोहऱ्यात येईल. माझ्या डोक्यात आकडा राहत नाही, तर तो अंगावर राहू दे. खाली ठेवताच येणार नाही, हरवताच येणार नाही, असं काहीतरी. हाताला बांधलेलं.

१९ फेब्रुवारी

पांढऱ्या सनमायकाचा उरलेला तुकडा घेतला, हाताएवढा. पेन्सिलीनं छान लिहिता येतं त्यावर, आणि ओल्या अंगठ्यानं पुसता येतं. पण हाताला गोल बसवायचा म्हणजे वाकवायला हवा. गरम हवा मारून वाकवला — कट्! दुसराही तसाच गेला. तिसरा हळूहळू वाकला. जुन्या परकराचं इलॅस्टिक पट्टा म्हणून लावलं. पेन्सिल दोरीनं बांधली.

हातावर चढवून आरशात बघितलं. मोडलेल्या हाताला फळी बांधल्यासारखं दिसतं. दिसू दे.

२१ फेब्रुवारी



पाटी बांधून पहिलाच तुकडा कापायला घेतला. पेन्सिलीची दोरी लोंबत होती. मला दिसलीच नाही. पातं दोरीपासून एवढ्याशा अंतरावर होतं, आणि कानाशी ह्यांचा आवाज — "हात!"

मी हात मागे ओढला. दोरी गेली, पेन्सिल भिंतीवर आपटली. हात राहिला.

जमिनीवर बसून रडले. ज्यांना घालवायला मी हे बांधलं, त्यांनीच हात वाचवला माझा.

२३ फेब्रुवारी

दोरी काढून टाकली. बागेच्या पाइपचा छोटा तुकडा कापून पाटीच्या कडेला चिकटवला, पेन्सिल त्यात घट्ट बसते. काही लोंबत नाही. ही खरी पाटी!

२६ फेब्रुवारी

मापायचं, हातावर लिहायचं, चालायचं, बघायचं, कापायचं. तोंड उघडायची गरजच पडत नाही. दिवसभर दुकानात फक्त करवतीचा आवाज.

आज हे एकदाच बोलले. लांबून. आकडा हातावर होताच, मी परत म्हटला नाही.

२८ फेब्रुवारी

काही नाही.

५ मार्च

कपाटं बसली! एकही फट नाही. डॉक्टरीणबाई माझ्या हाताकडेच बघत होत्या. "हे काय भारी आहे हो, कुठं मिळतं?" म्हटलं, कुठं नाही, मी केलंय. तिथल्या वायरमननं एक करून मागितली. रंगाऱ्यानंही. लोक म्हणे हातावरची पाटी विकत घेणार! ह्यांना सांगितलं असतं तर आधी टर उडवली असती, आणि मग गुपचूप स्वतःच्या हाताला बांधून बघितली असती.

दीर पण बघायला आले होते. कपाटाचं दार उघडून बघितलं, लावून बघितलं, पुन्हा उघडलं. "बरं झालंय," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. भाड्याचा विषय काढला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

९ मार्च

दुकान राहिलं, हात राहिले, डोकंही ठिकाणावर आहे. मग हे असं रिकामं का वाटतंय?

खरं लिहिते. मला ते परत हवेत. वेड तर वेड. निदान आवाज तरी होता. आज मुद्दाम पाटी काढून ठेवली, करवत बंद केली आणि म्हटलं, "सांगा ना." बराच वेळ उभी होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तेवढंच.

१२ मार्च

सासूबाई जेवत नाहीत. दात दुखतोय का विचारलं, नाही म्हणाल्या. माझ्याकडे बघतात नि मान फिरवतात. माझं काही चुकलं का, तेही सांगत नाहीत.

१४ मार्च

आज ताट घेऊन वर गेले तर सासूबाईंनी ते बाजूला सरकवलं. म्हणाल्या, "तुमचं भांडण झालंय का गं?"

"कुणाचं, आई?"

"तुझं नि माझ्या लेकाचं. तो आकडे सांगून सांगून दमला, घसा बसला त्याचा. आणि तू एकदाही परत म्हणत नाहीस."

खाली येऊन करवतीपाशी बसलेय. मला काहीच ऐकू येत नाही.