नऊ नकाशे आणि त्यांना हात लावण्याचा हक्क

बंदूक हाती धरून खोल्याखोल्यांतून धावण्याचे जुने संगणक-खेळ ज्यांनी खेळले आहेत, त्यांना एक गोष्ट नक्की खटकली असेल. मूळ खेळात वाट दाखवणारा बाण नसतो, तरी माणूस सहसा वाट चुकत नाही. त्याच खेळाचा चाहत्याने घरी बसून केलेला नवा अवतार, म्हणजे मॉड, दहापट मोठा आणि देखणा असतो. आणि पाचव्या मिनिटाला आपण भिंती चाचपत उभे असतो. असे का व्हावे?

"बाई, मृत्युपत्रात आधी मिळकत येते," वकील म्हणाले.

"हीच माझी मिळकत," मी म्हणाले.

तेव्हा मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे बासष्ट, अविवाहित, व्यवसाय खेळांचे नकाशे रचण्याचा, लिहून ठेवते की माझी फुप्फुसे निकामी होत आली असली तरी डोके जागेवर आहे. खात्रीसाठी डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ते "पुरे" म्हणाल्यावरही मी दोनपर्यंत गेले. हा लेख मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाविना करीत आहे. यापूर्वीचा असा प्रत्येक लेख रद्द समजावा.

कलम १. राहत्या दोन खोल्या, त्यांतील सामान आणि बँकेत उरेल ते सर्व माझ्या धाकट्या भावाचे. तो चष्म्याच्या काचा घासतो आणि माझ्या श्वासाच्या यंत्राची नळी दिवसातून तीनदा पुसतो. या लेखाचा व्यवस्थापकही तोच.

"ताई, मला त्या खेळांतलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच तुला नेमलं."

कलम २. माझ्या जुन्या भागीदारास आमच्या खेळाचा पुठ्ठ्याचा खोका द्यावा. त्यावर त्याचे नाव ठळक छापलेले आहे; माझे आतल्या घडीवर, चिकटपट्टीखाली आहे. खोका रिकामा आहे. त्याला त्यातला तेवढाच भाग प्रिय होता.

कलम ३. आता मुख्य मुद्दा. कंपनी बंद पडल्यावर खेळाचे नाव आणि त्याच्या नऊ लेव्हलींचे, म्हणजे नऊ नकाशांचे, सर्व हक्क रीतसर माझ्याकडे आले. त्यांवर मॉड करण्यास मी चाहत्यांना परवानगी दिली, पण ती तोंडी. माझ्या श्वासाबरोबर ती संपेल. भागीदाराने भावाला आताच गाठून ठेवले आहे. हक्क विकत घ्यायचे, खेळ "जसाच्या तसा" पुन्हा बाजारात आणायचा आणि वकिलामार्फत सगळे मॉड बंद पाडायचे, असा त्याचा बेत आहे. मी लिहून ठेवले नाही, तर पुष्कळ माणसांची अनेक वर्षांची मेहनत एका नोटिशीत पुसली जाईल.

येथे थोडे समजावून सांगणे भाग आहे, कारण हक्क कोणाला द्यावा हे त्यावरच ठरते.

आमच्या काळी यंत्राची स्मृती इवलीशी होती. म्हणून प्रत्येक खोलीला तीन-तीन कामे करावी लागत. खेळणाऱ्याला आधी कुलूपबंद दार दिसे, मग गजांपलीकडे किल्ली, आणि किल्लीपर्यंत जाणारी वाट वळसा घेऊन पुन्हा त्याच दाराशी येई. जिकडे जायचे तिकडे उजेड किंचित जास्त. कोपऱ्यावर गोळ्यांची पेटी दिसली, की पलीकडे कोणीतरी टपलेले आहे हे समजावे. किती सुंदर भाषा आहे ही, एकही शब्द नसलेली! मॉड करणाऱ्याला जागेची टंचाई नसते आणि वरिष्ठही नसतो. त्याला राक्षस आवडतात, म्हणून तो एका खोलीत तीस घालतो. प्रेम हात आखडता घेत नाही. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर हेच.

मात्र हे अर्धेच उत्तर आहे. आमच्या खेळात एक नियम होता: भिंतीत विटांची एक रांग अर्ध्या विटेने सरकलेली दिसली, की मागे गुप्त खोली. चौथ्या लेव्हलमध्ये अशी एक खोली मी रचली होती. डिस्कवर मावेना, म्हणून शेवटच्या दिवशी भागीदाराने मला न विचारता ती कापली आणि विटा तशाच ठेवल्या. मी जाब विचारला तेव्हा हसला. "राहू दे गं. लोक डोकं फोडत बसतील, खेळ जास्त चालेल." लोकांनी खरोखरच वर्षानुवर्षे ती भिंत ठोकली.

मग चाहत्यांत "घुबड" म्हणून ओळखला जाणारा एकजण पुढे आला. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने आपल्या मॉडमध्ये त्या भिंतीमागे खोली बांधली. मी ती पाहिली आणि संतापून फोन केला.

"हा काय दारूगोळ्याचा कारखाना मांडलास?"

"ताई, इतकी वर्षं लोकांनी भिंत ठोकली. काहीतरी घसघशीत नको?"

"बक्षीस नकोच होतं रे त्यांना. आपण वेडे नव्हतो, एवढंच कळायला हवं होतं."

मग त्याने विचारले, "खिडकी चालेल?"

आठवड्यात त्याने खोली रिकामी केली. खिडकीतून लेव्हलचे सुरुवातीचे अंगण दिसते, माझ्या मूळ आराखड्यात दिसत असे तसेच. खिडकीशी त्याने एक बाक ठेवला. माझ्या आराखड्यात बाक नव्हता. तो हवा होता.

सबब, नऊही नकाशे आणि खेळाचे नाव मी घुबडाच्या हवाली करते. मूळ लेव्हली जशा आहेत तशा सर्वांना विनामूल्य मिळाव्यात. त्यांवर मॉड करण्यास कोणालाही कायमची मोकळीक असावी. भागीदारास किंवा त्याच्या वारसांस हरकत घेण्याचा अधिकार राहणार नाही.

कलम ४. मात्र खेळाचे नाव लावायचे असेल त्या प्रत्येक मॉडची, घुबडाच्याही, परीक्षा माझा भाऊ घेईल. ज्याने तो मॉड कधी पाहिला नाही अशा माणसाला खुर्चीत बसवावे. करणाऱ्याने मागे उभे राहून तोंड मिटून घ्यावे. "डावीकडे बघ" असे एकदाही म्हणावे लागले, तर काम अपुरे आहे. घरी करून पाहायचे असल्यास नव्या पाहुण्याला अंधाऱ्या खोलीत पाठवावे आणि दिव्याचे बटण तो न विचारता शोधतो का, ते गप्प राहून पाहावे. गप्प राहणेच कठीण जाते. मला ते कधीच साधले नाही, यापुढे साधेल.

वाचून, समजून, स्वहस्ते सही केली.
सही: लिहून ठेवणारी

आम्हा दोघांसमक्ष तिने सही केली. तिच्यासमक्ष आम्ही केली.
साक्षीदार: १. शेजारची परिचारिका (सही) २. उपचार करणारे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहते घर
दिनांक: ३ डिसेंबर २०२४