नऊशे, पण नऊशे काय?

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर पोट भरलेली, वैमानिकाची विधवा, राजीखुशीने लिहून ठेवते की माझे गुडघे गेलेत, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तेवढी कुणाची छातीही नाही.

माझ्या पश्चात राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलीची. जावयांना माळ्यावरचा पंखा. "उद्या दुरुस्त करतो" म्हणाले होते, आता सावकाश करावा.

शिलाई मशीन आणि कात्र्या माझ्या मदतनीस बाईला. मापाची टेप मात्र नातीला. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. पोरी, आकडा कशातला ते विचारल्याशिवाय मी कधी कापडाला कात्री लावली नाही. उद्या तू आजोबांच्याच मार्गावर विमान नेणार. मला भीती वाटते. तरी जा.

आजोबांची चूक नव्हती, हे ऐकून जा. त्या विमानतळावर उंची मीटरमध्ये सांगत आणि यांच्या विमानातला काटा फुटांचा. टॉवरवाला म्हणाला, "नऊशेवर या." नुसतंच नऊशे. यांनी रीतीप्रमाणे परत म्हणून दाखवलं, "नऊशे फूट." त्याने तिथल्या तिथे "फूट नाही, मीटर" म्हणायला हवं होतं. मेला गप्प बसला. हे हव्या त्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर उतरले आणि ढगात डोंगर होता.

चौकशी समितीत माझे धाकटे दीर होते. त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग त्यांनी ऐकलं आणि "वैमानिकाची चूक" या शब्दांखाली सही ठोकली. मग याच टेबलाशी बसून म्हणाले, "वहिनी, दादा फूट म्हणाला होता. पण गेलेल्याची नोकरी जात नाही, आमची जाते." मी त्यांच्यापुढचा चहा उचलून बेसिनमध्ये ओतला. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

भाऊजी, तुम्हाला मी फुटकी वाटीसुद्धा ठेवलेली नाही. राग आहेच, तो जायचा नाही. पण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. तेव्हा तुम्ही आता साक्षीदार व्हायला मोकळे आहात. वरचं खोटं असेल तर सही करू नका.

स्थळ: स्वयंपाकघर, तेच टेबल.
दिनांक: नातीच्या पहिल्या उड्डाणाचा आदला दिवस.

सही: केली.

साक्षीदार पहिल्या, शेजारच्या डॉक्टरीणबाई: माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत आहेत. संतापलेल्याही आहेत.

साक्षीदार दुसरे, धाकटे दीर: वाचलं. दादा "नऊशे फूट" म्हणाला होता. मी ऐकलं होतं.