नागोजीआप्पांचे उरलेले कान

खासबाग, बेळगाव
आषाढ वद्य, शके १८५६

तीर्थरूप मष्णूमामांना भाचा गुंडूचा पायाला हात लावून नमस्कार. प्रकृती कशी आहे? कोगनोळीला पाऊस कसा आहे? मामींचा गुडघा कसा आहे? आणि आपली मिशी कशी आहे? (शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे.) माझे ठीक नाही. घास उतरत नाही.

निपाणीची तंबाखूची वखार सोडून मी नाटक कंपनीत गेलो, तिथे पेटीवाल्याशी माझे जे झाले ते... पण ते राहू दे. हल्ली मी मार्तंडरावांच्या फोटोच्या दुकानात आहे. त्यांनी उचगावच्या नागोजीआप्पांचा फोटो काढला, पण तो काचेवरून कागदावर उतरायच्या आधीच आप्पा वारले. पुढे मार्तंडराव गावाला गेले असताना आप्पांच्या पत्नी मालुबाई आल्या. मी काच उजेडाला धरून दाखवली. काचेत सगळे उलटे, पांढरे ते काळे. आप्पांची पांढरी मिशी काळीभोर! म्हातारी हरखली. "लग्नातल्यावानी दिसाय लागल्यात की रं!" म्हणाली आणि काच पदराखाली घेऊन चालती झाली. (मी आडवा आलो नाही. म्हाताऱ्या बायकांना आडवे येणे मला जमत नाही.)

तिने काच देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज तिच्यावर दुधाची बोटे फिरवली. आता सोमवारी वर्षश्राद्ध, तिथे मोठा फोटो हवा. काच कपाटात आहे असेच मार्तंडराव समजतात. मी ती गुपचूप परत दुकानात आणली, तर आप्पांच्या तोंडावर कापसासारखी बुरशी! पुसली, तर नाकही फडक्यावर आले. मार्तंडरावांचा भाचा शरद पुण्याला शास्त्र शिकतो. तो म्हणाला, काचेवरचा थर हाडाकातड्याच्या सरसाचा (हे मालुबाईंना कळू नये), म्हणजे प्रथिनच, बुरशीचे आवडते खाणे. पण मष्णूमामा, बुरशीला तोंड नाही की पोट नाही! नुसते धागे. धाग्यांच्या शेंड्यांतून ती पाचक रस बाहेर सोडते, खाणे जागच्या जागी विरघळवते आणि मग ते पाणी शोषून घेते. म्हणजे आधी ताटातच पचवायचे आणि मग जेवायचे! हे ऐकल्यापासून आमटी बघितली की मला आप्पांचे नाक आठवते. मार्तंडरावांना कळले तर माझे काय होईल?

आपला घाबरलेला,
गुंडू

ता.क. मिशीचे विचारले ते अशासाठी, की बाजारात लोक आपल्याला आप्पांचे भाऊ समजत. शनिवारी या. मार्तंडराव जेवायला गेले की पागोटे बांधून आप्पांच्या जागी कॅमेऱ्यापुढे बसा. सोमवारी फोटोला हार घालतील, दिवा लावतील, तेवढे मनाला लावून घेऊ नका.

दुसरा ता.क. पत्र टाकायला निघालो, तर दारात मार्तंडराव आणि मालुबाई एकदमच. काच लपवायला सवड मिळाली नाही. म्हातारीने ती उजेडाला धरली. तोंड गेलेले, कान तेवढे शाबूत. बराच वेळ बघून काचेलाच म्हणाली, "जल्मभर माझं ऐकलं न्हाईसा, ते कानच तेवढं ऱ्हायलं व्हय? आता तरी ऐकशिला." आणि ह्याच काचेचा मोठा फोटो करा म्हणून डोळे पुसत गेली. तेव्हा आपण येऊ नका, मिशी काढली तरी चालेल. मीच येतो. मार्तंडरावांनी माझी ट्रंक पायरीवर ठेवली आहे. मामींना भाकरी जास्तीच्या टाकायला सांगा. भूक परत आली आहे.