एका खोलीत एकच घर

क्रेगीबर्न,
बुधवार, २९ डिसेंबर २०२१

प्रिय दादा,

सा. न. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. तू, नीरजावहिनी आणि ओवी ठीक असाल अशी आशा. सिडनीतले कोविडचे आकडे रोज बघतो, आणि बघितले याचा रोज पश्चात्ताप करतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर मी अडखळतो आणि माझं वाक्य तू पूर्ण करून टाकतोस. कागदावर खोडून परत लिहिता येतं. हे तिसऱ्यांदा उतरवलेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आहे, तरी लाल पेन हाताशी असू दे.

बातमी अशी, की इथल्या, मेलबर्नच्या मराठी मंडळाने मुलांसाठी स्कीचा कँप ठरवला आहे, १४ ते १७ जानेवारी. भर उन्हाळ्यात स्की कसली, असं तू विचारशीलच. मंडळाच्या सेक्रेटरी लीनाताई, त्यांना मीही विचारलं. म्हणाल्या, "अरे, चाकांची स्की असते. डांबरी रस्त्यावर चालते. दोन हिवाळे लॉकडाउनमध्ये गेले, पोरांनी बर्फ बघितला तो फ्रीजमधला. बर्फ नसला तर नसला, डोंगर तर आहे ना!" मग माझ्याकडे वळून, "राहायची व्यवस्था तुझ्याकडे. तू हॉटेलात आहेस."

हो, अजून हॉटेलातच आहे. हाउसकीपिंग. आता एका मजल्याचा सुपरवायझर झालोय. आईने सांगितलं असेलच.

तर मी डोंगरावर एक लॉज ठरवला. हिवाळ्यात जिथे पाय ठेवायला जागा मिळत नाही तिथे उन्हाळ्यात आमचंच राज्य. सात खोल्या, प्रत्येकीत चार बेड. बेव्ह नावाच्या आजी तो चालवतात. मी त्यांना आजवर एकोणीस ईमेल पाठवले. उशा किती, जादा पांघरुणं किती, किचनमध्ये फ्रीज एक की दोन (व्हेज-नॉनव्हेज वेगळं लागतं, हे त्यांना समजवायला सहा ईमेल). शेवटी त्यांनीच फोन केला. "डार्ल, तुम्ही येताय चार दिवस. कायमचे राहायला येताय का?"

त्यांचा एकच नियम आहे, कोविडमुळे: एका खोलीत एकाच घरातली माणसं. बाकी नो वरीज.

खोल्यांचं वाटप मी चार वेळा केलं. चंद्रहासकाका घोरतात, म्हणून त्यांचं कुटुंब टोकाच्या खोलीत. हे त्यांना कसं सांगावं या चिंतेत दोन दिवस गेले. शेवटी म्हटलं, "काका, तुम्हाला कोपऱ्यातली शांत खोली दिलीय." ते म्हणाले, "शांत आहे? मी जाईपर्यंत."

मी एकटाच, म्हणजे माझं घर एकाच माणसाचं. त्यासाठी चार बेड अडवणं बरं दिसत नाही. बूट सुकवायची एक लहान खोली आहे, उन्हाळ्यात ती रिकामीच असते, तिथे माझी घडीची खाट. दाराजवळ आहे. संयोजकाने दाराजवळच असावं.

कुटुंबं सहाच आहेत. सात नंबरची खोली उरते. तिच्या खिडकीतून पूर्ण दरी दिसते.

सिडनीहून यायचं तर ऑल्बरीपर्यंत सरळ, मग डावीकडे. दोन थांबे धरून साडेसात तास. हे मी सहज नकाशात बघितलं.

वहिनीला नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुझा,
कुशल

क्रेगीबर्न,
बुधवार, ५ जानेवारी २०२२

प्रिय दादा,

सा. न. नवीन वर्षाच्या शुभेच्छा. आधीचं पत्र मिळालं असेल तर हे लगेच वाच. मिळालं नसेल तरी हेच आधी वाच. एक्स्प्रेस पोस्टाने पाठवतोय.

माझ्याकडून एक गोष्ट झाली आहे.

बेव्ह आजी म्हणाल्या होत्या, नावं दिल्याशिवाय खोली राखून ठेवता येणार नाही. सात नंबरसाठी मी नावं दिली. तुमची तिघांची. न विचारता. मला वाटलं ती यादी त्यांच्या फाइलमध्ये पडून राहील, तोवर मी धीर करून तुला विचारीन, आणि तू नाही म्हणालास तर कोणाला न कळता खोडून टाकीन. पण आजी फार प्रेमळ आहेत. त्यांनी प्रत्येक दारावर रंगीत अक्षरांत नावांची पाटी लावली, फुलं काढली, आणि सात दारांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायला लीनाताईंना पाठवले.

चाळीस लोकांनी बघितलं: अवधूत, नीरजा, ओवी.

लगेच लीनाताईंचा फोन. "काय रे, दादा येतोय? बोलला नाहीस! तुमचं बोलणं आहे ना?" मी म्हणालो, "हो, आहे की." दादा, हे दुसरं खोटं.

आता अडचण अशी, की मंडळातल्या चित्रलेखाकाकूंच्या बहिणीचं कुटुंब वेटिंगवर आहे. काकू रागावलेल्या नाहीत, पण रोज विचारतात, "नक्की येतायत ना तुमचे? नाही तर पोरं बिचारी..." बुधवारी, बारा तारखेला दुपारी शेवटची यादी द्यायची आहे. तू नाही म्हणालास तर मी खोली त्यांना देईन. पाटी बदलावी लागेल, तेवढंच.

पहिलं खोटं कोणतं ते तुला माहीत आहे. पण मी ते कधी नीट सांगितलं नाही, तूच शोधून काढलंस. म्हणून आता लिहितो.

युनिव्हर्सिटी मी २०१९च्या मार्चमध्येच सोडली होती. तुला कळलं ऑगस्टमध्ये. मधले पाच महिने मी रोज साडेसातला बॅग घेऊन तुमच्या क्वेकर्स हिलच्या घरातून निघायचो आणि ब्लॅकटाउनच्या लायब्ररीत बसायचो. काही वाचायचो नाही, खुर्च्या सरळ करायचो. साडेबाराला डबा खायचो. डबा वहिनी भरायची, त्यात तू रात्रीच लोणच्याची बाटली आठवणीने ठेवायचास. मी तुमचे पाच महिन्यांचे डबे खोटं बोलून खाल्ले. गणित मला येत नव्हतं हे सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

हॉटेलात काम धरतो म्हणालो, तेव्हा तू म्हणालास, "तुला इथे चादरी घालायला आणलं नव्हतं." मी दुसऱ्या दिवशी मेलबर्नला निघून आलो. मग पुढच्या वर्षी कोविडमुळे दोन राज्यांमधली बॉर्डर बंद झाली. खरं सांगू? मला हायसं वाटलं. न भेटायला सरकारनेच कारण दिलं होतं. नोव्हेंबरपासून बॉर्डर उघडी आहे आणि माझ्याकडे कारण उरलेलं नाही.

आई दर रविवारी सांगते, "दादा विचारत होता हो तुझं." तुलाही ती असंच सांगत असणार. दोघांपैकी कोण खरंच विचारतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारतो.

आलास तर ओवीसाठी हेल्मेट आण, बाकी सगळं इथे मिळेल. नाही आलास तर काही लिहू नकोस, बारा तारखेला दुपारी मी समजून घेईन.

तुझा,
कुशल

क्रेगीबर्न,
मंगळवार, १८ जानेवारी २०२२

प्रिय दादा,

सा. न. सुखरूप पोचल्याचा वहिनीचा मेसेज मिळाला. ओवीचं कोपर सुजलं नाही ना? चाकांवरून पडली तशी लगेच उठली, आणि वर मलाच म्हणाली, "काका, स्टॉप पॅनिकिंग!"

कालपर्यंत आपण एकाच खोलीत होतो आणि आज मी पत्र लिहितोय, हे तुला विचित्र वाटेल. पण तिथे चार दिवस तू बोलत होतास आणि मी मान डोलवत होतो. तुझ्या नजरेतून सुटलेल्या दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

बारा तारखेला सकाळी दहापर्यंत तुझं काही नव्हतं. मी चित्रलेखाकाकूंसाठी मेसेज लिहून ठेवला होता, पाठवायचा बाकी. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तुझं आलं: "चेक-इन किती वाजता?" बस, एवढंच. मी लिनन रूममध्ये होतो, टॉवेलांच्या ढिगावर बसलो. मग तुला जे उत्तर पाठवलं ते नऊ ओळींचं होतं हे मान्य, पण त्यातल्या चार ओळी पार्किंगबद्दल होत्या. काकूंनाही फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं रे. तू रोज 'हो' म्हणायचास, पण तुझा आवाज नाही म्हणायचा."

शुक्रवारी सगळे पार्किंगमध्ये गाडीत बसून कोविडच्या टेस्टची पंधरा मिनिटं मोजत होते, डॅशबोर्डवर पांढऱ्या पट्ट्या मांडून. मेलबर्नमध्ये टेस्ट मिळत नव्हत्या, मी पाच फार्मसी पालथ्या घालून मोजून आणल्या, आणि ऐन वेळी दोन खराब निघाल्या. तुझ्या काचेवर टकटक करायला माझा हात उचलत नव्हता. तूच काच खाली केलीस आणि सिडनीहून आणलेल्या पाच पुढे केल्यास. "तीन आमच्या. दोन जास्तीच्या." आई पंगतीत एक पान जास्तीचं मांडते, तसं.

मग तू सात नंबरच्या दारासमोर उभा राहून पाटी वाचलीस. मी मागे बॅगा घेऊन. दादा, मी हॉटेलात रोज शंभर दारं उघडतो, पण त्या दारापुढे मी बॅगा खाली ठेवायलाच विसरलो.

"बेड चार दिसतात," तू म्हणालास.

"हो."

"आणि तू कुठे?"

"बूट सुकवायच्या खोलीत. संयोजकाने दाराजवळ..."

"त्या बाईंचा नियम काय आहे?"

"एका खोलीत एकाच घरातली माणसं."

"मग?" म्हणालास आणि खिशातून पेन काढलंस. ओवीच्या नावाखाली, बेव्ह आजींच्या फुलाला धक्का न लावता, लिहिलंस: कुशल.

मागून वहिनी म्हणाली, "झालं का दोघांचं? मला बाथरूमला जायचंय." बरं झालं ती बोलली, नाही तर माझं काय झालं असतं कोण जाणे.

चौथ्या बेडवर चादर नव्हती. तू एक टोक धरलंस, मी दुसरं. तुझ्या बाजूचा कोपरा सुटला. परत घातलास, परत सुटला. माझा कोपरा घट्ट बसला होता. तू माझ्या कोपऱ्याकडे बघितलंस, आपल्या कोपऱ्याकडे बघितलंस, आणि म्हणालास, "शिकव."

मी फक्त "आधी खाली, मग पंचेचाळीस अंशात" असं काहीतरी पुटपुटलो. तू म्हणालास, "अंश येतात की तुला." मी हसलो, पण माझं लक्ष चादरीवर होतं असं मी दाखवलं. ओवी मात्र खरं बोलली: "काका, इट्स सो टाइट, आय कान्ट गेट इन!"

आणखी एक. चंद्रहासकाकांना उगाच टोकाची खोली दिली. खरी गरज सात नंबरला होती. वहिनी तुला इतकी वर्षं कसं सांगत नाही, मला कळत नाही.

सोमवारी तुम्ही निघाल्यावर मी शेवटची फेरी मारली. सहा खोल्यांत बेड विस्कटलेले, जसे असतात तसे. सातमध्ये चार बेड घातलेले होते. एकाचे चारही कोपरे घट्ट, पंचेचाळीस अंशात. तो माझा बेड होता, आणि तो मी घातलेला नव्हता.

बेव्ह आजी पाट्या काढून टाकत होत्या. सातची मी मागून घेतली. इथे खोलीच्या दारावर आतून लावली आहे, म्हणजे बाहेर पडताना दिसते.

वहिनीला नमस्कार. ईस्टरला मला चार दिवस सुट्टी आहे. डबा लागणार नाही. पण भरलाच, तर यावेळी तुमच्यासोबत बसून खाईन.

तुझा,
सात नंबरमधला चौथा,
कुशल