सुनंदाताईंचा डबा

मंगळवार संध्याकाळ, कनाटा (कॅनडा)

टीम लीडवरून साध्या मॅन्युअल-लेखकाच्या जागेवर, कमी पगारात, जायला मी नकार दिला. तेव्हा एचआरमधल्या सुनंदाताईच म्हणाल्या होत्या, "नव्या करारावर सही करू नकोस रे. कंपनीने अटी बदलल्या म्हणून नोकरी गेली, असंच लिहीन मी. बेरोजगारी भत्ता अडायचा नाही."

आज कंपनीकडून नोकरी संपल्याचा कागद आला. नोकरी स्वतःहून सोडली, म्हणे! आता भत्ता मिळायचीच मारामार.

ताईंना फोन केला. "अरे, वरून सांगितलं. माझीही नोकरी आहे ना?"

वीस वर्षं मॅन्युअल लिहिली, आणि यांच्या तोंडी शब्दावर विसंबलो? माझ्यासाठी डबाभर चिवडा आणायच्या म्हणून?

त्यांचा तो डबा अजून ओट्यावरच आहे. रिकामा कसा परत द्यायचा?

भत्त्याच्या कचेरीला खुलासा लिहिला. उद्या त्याची प्रत डब्यात घालीन. त्यांचं नाव लिहिलंय त्यात.