परिशिष्टातला तिसरा तक्ता

मी, डॉक्टर विनुता, कै. अनिरुद्धराव यांची धाकटी मुलगी, वय त्र्याहत्तर, अविवाहित, निवृत्त फिजिशियन, राहणार मेलवीदी, तंजावूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या खुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या मंगळवारी डॉ. सेतुराम यांनी मला तपासून तसा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे, कारण हे ऐकल्यावर 'म्हातारीला भ्रम झाला होता' असे म्हणणारा एक मनुष्य या गावात नक्की आहे. आधीची दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. त्यांत मी फार भलेपणाने वागले होते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील हरिप्रसाद यांनी करावी. त्यांनी कोणतेही वाक्य मवाळ करू नये.

कलम २. माझी थोरली बहीण राजम हिचे दागिने, तिचे शिवणयंत्र आणि माझ्या बँकेतील सर्व ठेवी तिचा मुलगा राघवेंद्र याला द्याव्यात. नवरा गेल्यावर राजम माझ्याकडे आली आणि एकवीस वर्षे राहिली. मी वॉर्डातून घरी आले की ती माझ्या हातातले जर्नल काढून घेई आणि म्हणे, "आधी जेव. छापलेले आकडे कुठे पळून जात नाहीत."

कलम ३. माझी सर्व पुस्तके, जर्नलांचे बांधीव खंड आणि टिपणवह्या कलम ५ मधील वाचनखोलीला जातील. त्यांचा इतिहास लिहून ठेवणे भाग आहे.

ज्या खाजगी इस्पितळात मी एकतीस वर्षे काम केले, तिथे १९९४ पासून दर गुरुवारी दुपारी मी लेखवाचन चालवले. कँटीनशेजारच्या खोलीत आम्ही दहाबारा डॉक्टर बसत असू. एकाने नवा शोधलेख मांडायचा, बाकीच्यांनी तो सोलून काढायचा. रुग्ण कसे निवडले? मधेच किती गळाले? पैसा कोणाचा? आधी जे मोजू म्हणून नोंदवले होते, तेच शेवटी मोजले का? आणि ते रुग्ण आपल्या वॉर्डातल्या माणसांसारखे आहेत का? निष्कर्ष सर्वांत शेवटी वाचायचा, असा माझा दंडक होता. वडे आणि कॉफी मी घरून नेई, म्हणजे कोणा कंपनीच्या वड्यांचे मिंधे व्हायला नको.

डॉ. गुरुमूर्ती याच खोलीत शिकला. आमच्याच तंजावूरच्या मराठी लोकांतला, माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. लेख वाचायचा कसा हे मी त्याला शिकवले. हे मी अभिमानाने लिहीत नाही.

२०१७ साली, मुख्य फिजिशियन झाल्यावर, त्याने हृदय अशक्त झालेल्यांसाठी एक नवी गोळी इस्पितळाच्या यादीत घालायचे ठरवले. कंपनीने हॉटेलात जेवण दिले होते आणि गुळगुळीत कागदावर छापलेला लेख सगळ्यांना वाटला होता. मी तो परिशिष्टासकट वाचला. अभ्यास ठरल्यापेक्षा लवकर थांबवला होता. 'मृत्यू किंवा पुन्हा भरती' असे दोन्ही एकत्र मोजले होते. भरती घटली होती, मृत्यू नव्हे. रुग्णांचे सरासरी वय अठ्ठावन्न. आणि परिशिष्टातल्या तिसऱ्या तक्त्यात, बारीक अक्षरांत, सत्तरीपुढचे व मूत्रपिंडे अशक्त असलेले वेगळे काढले होते: गोळी घेणाऱ्यांत शंभरांतले चौदा दगावले, न घेणाऱ्यांत नऊ.

औषध समितीत आम्ही पाच जण होतो. मी तो तक्ता सगळ्यांपुढे ठेवला आणि म्हटले, "पापनाशमहून, तिरुवैयारुहून आपल्याकडे येतात ते सगळे सत्तरीपुढचेच आहेत. ही गोळी त्यांच्यासाठी नाही."

गुरुमूर्ती हसला. "अक्का, तुम्ही कागद तपासता, मी माणसं तपासतो. एवढ्या मोठ्या जर्नलनं छापलंय, ते काय खुळे आहेत?" मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमच्या वाचनाच्या खोलीचा विषयही आजच आहे. ती राहायला हवी ना?"

मी सही केली.

दोन महिन्यांत त्या खोलीत विमा कंपन्यांची खिडकी उघडली. माझे खंड जिन्याखाली ठेवले.

पुढच्या वर्षी मी मोतीबिंदूसाठी चेन्नईला होते. इकडे राजमला धाप लागली म्हणून तिला आमच्याच इस्पितळात भरती केले. वय चौऱ्याहत्तर, मूत्रपिंडे अशक्त. यादीप्रमाणे तिला ती गोळी सुरू झाली. अकराव्या दिवशी ती गेली. राघवेंद्रने रीतसर अर्ज करून केसपेपर मिळवले, ते मी तीनदा वाचले. त्याच गोळीने तिला मारले असे एका रुग्णावरून सिद्ध करता येत नाही; हे मी दुसऱ्या कोणालाही शिकवले असते. पण तो तक्ता पाहूनही ती तिला दिली गेली, हे सिद्ध आहे. गुरुमूर्ती घरी आला आणि म्हणाला, "वय झालं होतं, अक्का." मी त्याला पाणीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

२०२१ मध्ये त्याच जर्नलमध्ये खुलासा आला: सत्तरीपुढे ही गोळी देऊ नये. इस्पितळाने ती गुपचूप यादीतून काढली. एकाही घराला कळवले नाही. माझ्या तीन पत्रांना उत्तर आले नाही.

कलम ४. डॉ. गुरुमूर्ती याला मी पुढील वस्तू देते: तो लेख, माझ्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणांसकट, आणि राजमच्या केसपेपरची नक्कल. दोन्ही एकाच काचेत बसवून त्याच्या तपासणीच्या खोलीत, रुग्णांसमोर, हरिप्रसाद यांनी हाती द्यावीत. त्याने माझ्या शोकसभेत बोलू नये. बोललाच, तर हरिप्रसाद यांनी उभे राहून तिसरा तक्ता मोठ्याने वाचावा आणि बसावे.

कलम ५. मेलवीदीवरचे घर मी लेखवाचनासाठी ठेवते. कोणत्याही इस्पितळाच्या डॉक्टरांना ते खुले राहील. कोणत्याही कंपनीचे पेनसुद्धा आत येता कामा नये. गुरुमूर्तीला यायचे असेल तर एकच अट: तो लेख त्याने स्वतः, पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत, सर्वांपुढे मांडावा. या वाचनखोलीची प्रमुख म्हणून मी डॉ. नंदिता हिला नेमते. ती गुरुमूर्तीची एकुलती मुलगी आहे.

तीन वर्षांपूर्वी ती माझ्या दारात उभी राहिली. "विनुताअक्का, मला लेख मांडायचाय. अप्पा म्हणतात, कंपनीच्या माणसाकडून तयार स्लाइड घे. मला ते नको. तुम्ही शिकवाल?"

मी तिला आत घेतले ते सूड म्हणून. मुद्दाम तोच लेख दिला. तिसऱ्या गुरुवारी तिचे बोट तिसऱ्या तक्त्यावर थांबले.

"आपल्या इस्पितळात ही गोळी होती?"

"चार वर्षं."

"समितीत कोण होतं?"

"तुझे वडील," मी म्हटले. "आणि मी. माझी सही आहे."

ती उठून गेली. मला वाटले, सूड पुरा झाला, आता ती येणार नाही. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागले नाही. पुढच्या गुरुवारी ती दुसरा लेख घेऊन आली आणि खुर्ची ओढून बसली.

कलम ६. समितीच्या त्या ठरावाची माझ्याजवळची प्रत वाचनखोलीच्या दाराशी लावावी. माझी सही झाकू नये. एका खोलीसाठी मी ती केली, हे आत येणाऱ्या प्रत्येकाला कळावे.

कलम ७. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा.

कलम ८. न्यायालयासाठी हरिप्रसाद याचा तमिळ तर्जुमा करतील, पण त्याची प्रत गुरुमूर्तीला देऊ नये. त्याला फक्त हे मूळ मराठी द्यावे. तो घरात मराठी बोलतो, पण देवनागरी त्याला वाचता येत नाही. त्याच्या घरात ती अक्षरे एकालाच येतात. नंदिताला ती मी शिकवली, तिने मागितली म्हणून. हे तिच्यावर लादू नये म्हणून मी तिला आधी सगळे वाचायला दिले आणि विचारले, "वडिलांना वाचून दाखवशील?"

तिने शेवटचे पान संपवले, कागद सरळ केले.

"दाखवीन," ती म्हणाली. "आणि ते थांब म्हणाले, तरी थांबणार नाही."

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, त्यातला एक शब्दही बदलावासा वाटला नाही, म्हणून सही करते.

(सही) डॉ. विनुता

डॉ. विनुता यांनी आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. या मिळकतीत आमचा कसलाही वाटा नाही.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. सेतुराम, तंजावूर
२. (सही) भुवना, निवृत्त परिचारिका, तिरुवैयारु

स्थळ: तंजावूर
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५