ट्यूबांवरची नावं मी पुसली त्याबद्दल

तीर्थस्वरूप वन्संना भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या वाकणं पत्रातच.) तुमचा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर दुखतो असं सरळ लिहा, "ठीक आहे" लिहून कागद फुकट घालवू नका. इकडे आम्ही बरे आहोत, फक्त माझी नोकरी जायच्या बेतात आहे. तुम्ही लॅबचं ऑफिस सांभाळत होता, तेव्हा तुमच्याच शब्दावर सरांनी मला तिथे बाटल्या धुवायला ठेवलं. म्हणून दुसऱ्या कोणी तुमचे कान भरायच्या आत मीच सांगते.

त्याचं झालं असं, की बाहेरची मोठी माणसं लॅब बघायला येणार होती आणि सरांना स्वच्छतेचा झटका आला. (अधूनमधून येतो, तापासारखा उतरतोही.) मला म्हणाले, मावशी, फ्रीजमधली प्रत्येक वस्तू स्पिरिटने पुसून काढा. आता पुसा म्हटलं की मी पुसते, अर्धवट काम मला जमत नाही. पेरभर उंचीच्या प्लास्टिकच्या ट्यूबा, एकेक घासून लख्ख केली. आणि पोरांनी वर पेनने लिहिलेली नावं पार धुऊन गेली. सगळ्यांत पाण्यासारखं पाणी. घ्या, ओळखा आता कोण कुठलं!

बोंब झाली ती अँटीबॉडीवरून. ती म्हणजे काय, हे मला तिथल्या चष्मेवाल्या पोरीने शिकवलं, तसंच तुम्हाला सांगते. अंगातली पेशी म्हणजे एक घर, आणि त्यात एक जाळीदार कारखाना. तिथे राबणाऱ्या प्रथिनांना टोकाशी एक बारकं शेपूट असतं. त्याचा अर्थ, हा घरातला, बाहेर सोडू नये. एखादं चुकून बाहेरच्या वाटेला लागलंच, तर शेपटाला धरून परत आणतात. (तुमच्या भावाला असं शेपूट असतं, तर सकाळी दुधाला गेलेला माणूस संध्याकाळी उगवला नसता.) ही अँटीबॉडी नेमकी त्या शेपटाला चिकटते. मग तिच्यावर चमकता रंग चढवला, की मायक्रोस्कोपमध्ये हिरवी जाळी दिसते. चष्मेवालीचा सगळा अभ्यास त्या जाळीच्या फोटोवर अडलेला. मोठी बाटली कधीच संपली, तिच्यापुरते शेवटचे थेंब त्या फ्रीजमध्ये, आणि नवी मागवली तर येईस्तोवर पोरीचे केस पिकायचे. सर म्हणाले, ती ट्यूब सापडली तर ठीक, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. पुसायला सांगितलं कोणी, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि सरांचा फोन वाजला. (अशा वेळी तो बरोब्बर वाजतो.)

मग चष्मेवालीने डोळे पुसले, काचांवर पेशी घेतल्या आणि बिननावाच्या एकेका ट्यूबमधला थेंब एकेका काचेवर टाकून बघायला बसली. मी मागे उभी, हातात फडकं. पहिल्या काचेवर काळोख. दुसरीवर हिरवी जाळी!

"मावशी, सापडली!"

मी म्हटलं, झालं, ऊठ. पण पोरगी चिवट, तिने पुढची लावली. तीत पण जाळी. त्याच्या पुढचीतही.

"मावशी, हे काय?"

"काय म्हणजे? चोरी!"

बाटली संपली म्हणून गळा काढणाऱ्या प्रत्येकाने आपापला वाटा आधीच काढून ठेवला होता, आणि दुसऱ्या कोणी हात लावू नये म्हणून वर 'मीठपाणी', 'जुनं, टाकायचं आहे' असली नावं घातली होती (पुसताना मीच वाचली होती). एका दाढीवाल्या पोराच्या खणात तर दोन निघाल्या. म्हणजे मी पुसली ती नावं मुळात खोटीच होती की! आता माझ्यावर ओरडायचं, तर स्वतःची ट्यूब कुठली हे आधी कबूल करावं लागणार. कालपर्यंत माझ्याकडे डोळे वटारणारे सगळे एकदम, मावशी चहा घेणार का, विचारायला लागले. मी घेतला. प्रत्येकाचा घेतला.

सर मात्र अजून "बघू" म्हणताहेत, आणि सरांचं बघू तुम्ही ओळखून आहात. तब्येतीला जपा, जिने चढू नका.

तुमची भावजय

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. सरांना एक फोन करा, तुमचं ते ऐकतात. भावजय तोंडाने फटकळ आहे पण हाताची चोख आहे, असं काहीतरी सांगा. फटकळ गाळलंत तरी चालेल.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. फोन करू नका. फ्रीजच्या सगळ्यात वरच्या खणातली एक ट्यूब तपासायची उरली होती, ती पोरीने आज लावली. इतकी झगझगीत जाळी दुसऱ्या कशात दिसली नव्हती. वरचा खण सरांचा. सर मागेच उभे होते. नुसते म्हणाले, मावशी, सोमवारी वेळेवर या, आणि वरचा खण यापुढे पुसायची गरज नाही.